खिडकीजवळची खाट

नाजूक विषयांवर मुलांना बोलतं कसं करायचं, हे आमच्या शाळेत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी स्टाफरूममध्ये सांगून बसलो होतो. त्याच तोऱ्यात नववीच्या वर्गात विषय दिला: म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं का? पाच मिनिटांत वर्गाचा मासळीबाजार झाला. मग मी नियम घातला. ऐकीव गोष्टी बंद. आधी माहिती काढायची, मगच तोंड उघडायचं.

आमच्या वर्गाच्या मॉनिटरबाईंनी, म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलीनं, हे फारच मनावर घेतलं. एका आश्रमाला फोन लावून त्यांनी खोल्या, जेवण, डॉक्टर, सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं म्हणून घरचा नंबरही दिला. दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या बाईंचा घरी फोन आला. तो नेमका तिच्या आजोबांनी उचलला.

"तुमच्याकडच्या आजोबांसाठी खिडकीजवळची खाट रिकामी झालीय," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

आजोबा निवृत्त पोस्टमास्तर. घरात कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. बॅग भरली आणि नातीचा निरोप घ्यायला थेट माझ्या वर्गात आले. तेव्हा एक मुलगा 'वृद्धांच्या भावना' यावर बोलत होता. तो मुकाट्यानं खाली बसला. नात रडायलाच लागली. हुंदके देत तिनं सगळा उलगडा केला, तसा आजोबांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, सुटलो.

"बघू ती वही," आजोबा म्हणाले. चष्मा लावून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चहा दोनदा, न मागता. रोज कॅरम. टीव्हीचा रिमोट आळीपाळीनं.

"मी जातोच," ते म्हणाले. "आता खुशीनं जातो."

शाळेतून फोन गेल्यावर आजोबांचा मुलगा आणि सून धापा टाकत आले. सासऱ्यांना मीच फूस लावून पळवतोय, अशा नजरेनं सून माझ्याकडे बघत होती. तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा, असं मुलानं बजावलं. मी घर, माया, नातवंडं यावर भरभरून बोललो. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही तिथं जाऊन आलात?"

"नाही."

"मग ऐकीव कशाला सांगता?"

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

शेवटी घरचा रिमोट लेखी ताब्यात मिळाल्यावर आजोबा राहायला तयार झाले. मी मात्र रविवारी आश्रम बघून आलो. झाडं, शांतता, हातात आयता चहा. सहज विचारलं, इथं वयाची अट काय?

"साठ पूर्ण," बाई म्हणाल्या आणि पुढे काहीही न विचारता फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

मी सत्तेचाळीसचा आहे.