कटरे भाऊंचा झेंडू

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही दोघं पोट धरून हसलात. व्हिडिओत आजोबांच्या हातावर झेंडूचं फूल का नाचतंय, असं विचारलंत. मी "लिहून कळवते" म्हणून फोन ठेवला, कारण मला राग आला होता आणि रागात मला नीट बोलता येत नाही. लिहिता येतं. फूल कटरे भाऊंचं आहे. तेव्हा आधी कटरे भाऊ.

कटरे भाऊंना रिकामी जागा बघवत नाही. कुडव्यात आपल्यापासून तिसरं घर त्यांचं. पूर्वी ते भिंती रंगवायचे. लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं, दोन मोर, एक कलश, आणि तरीही जागा उरली तर केळीचे खांब. एकदा मी त्यांना आपल्या कुंपणाच्या भिंतीवर फक्त घर क्रमांक लिहायला सांगितला. क्रमांकाभोवती कमळ आलं, कमळाखाली पाणी आलं, पाण्यात बदक आलं. वर उत्तर काय, तर "काकूजी, आकडा एकटाच खाली-खाली दिसून राहिला होता." बदक मी दुसऱ्या दिवशी पुसून घेतलं. कमळ अजून आहे.

मग फ्लेक्स आले आणि भिंती रंगवून घेणं बंद झालं. कटरे भाऊंनी जुना कॉम्प्युटर घेतला, ब्रश ठेवायच्या फळीवर मांडला आणि लोकांच्या घरगुती व्हिडिओंमध्ये "जान टाकायला" सुरुवात केली. बारसं, वास्तुपूजन, नव्या ट्रॅक्टरची पूजा, काहीही न्या. आधी एक मिनिट त्यांची प्रस्तावना चालते. मूळ चित्रणावर ते दुसरे थर चढवतात, त्याला ओव्हरले म्हणतात. त्या थरांतून गुलाब पडतात, समया फिरतात आणि सारसांची जोडी डावीकडून उजवीकडे उडत जाते. समोरच्या घरच्या बारशात सारस पाळण्यातून आरपार गेले होते. बाळाच्या आजीला ते आवडलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

अशा माणसाकडे मी आपला व्हिडिओ का नेला? कारण कुडव्यात दुसरं कोणी ते करत नाही.

आजोबांचं बोलतं चित्रण एकच आहे. तुमचे बाबा एकटेच आले होते तेव्हा त्यांनी अंगणात फोनवर घेतलेलं. त्यात आजोबा तुम्हाला उद्देशून, नोकरीत असताना इटियाडोह धरणाच्या कालव्याचं दार कसं उघडायचे ते सांगतात. वर्षश्राद्धाला तुम्हाला येता येणार नव्हतं, म्हणून ते तुमच्याकडे पाठवायचं ठरलं. सुरुवातीला फाटकाशी गाय उभी आहे, तेवढी कापायची होती आणि नाव घालायचं होतं. मी लेखी सूचना दिल्या. एक, गाय कापणे. दोन, नाव साध्या पांढऱ्या अक्षरांत. तीन, पक्षी नकोत. चार, फुलं नकोत. पाच, संगीत नको. कटरे भाऊंनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हव जी. एकदम सिंपल करतो."

आठ दिवसांनी व्हिडिओ आला. बासरी. सारस. चारी कोपऱ्यांतून सोनेरी अक्षरं गरगरत येऊन आजोबांचं नाव तयार झालं. त्याखाली ठिणग्या उडाल्या आणि ठिणग्यांतून इंग्रजी शब्द उमटले, "कमिंग सून".

मी चप्पल घातली आणि तशीच गेले.

"भाऊ, हे काय लिहिलंय?"

"टेम्प्लेटमंदी होतं जी. मले इंग्रजी कुठं येते? नावाच्या खालची जागा मस्त भरून राहिली होती."

"याचा अर्थ 'लवकरच येत आहेत'. गेलेल्या माणसाच्या नावाखाली! वर्षश्राद्धाला!"

त्यांनी ती अक्षरं परत एकदा चालवून पाहिली. "साहेब आले तं वाईट हाय का, काकूजी?"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. असा प्रश्न मला कुठल्याच वर्गात कोणी विचारला नव्हता, त्यामुळे राग आणखी वाढला.

"आणि गाय?"

"गाय राहू द्या. तेवढीच सुरवातीले जान हाय."

"सारस? बासरी? मी कागद कशाला दिला होता?"

"वाचला ना जी."

हे सगळंही मी एक वेळ सोसलं असतं. पण आजोबा बोलायला लागले की मधेच एक झेंडू उगवतो आणि त्यांच्या उजव्या हाताला चिकटून राहतो. हात वर गेला की फूल वर, हात गोल फिरला की फूल गोल. ज्या माणसाने लग्नातसुद्धा हार गळ्यात पडताच काढून ठेवला, त्याच्या हातावर हा तमाशा!

"हे फूल आत्ताच्या आत्ता काढा," मी म्हणाले.

"बाकी सारं काढतो. गेंदा नाही काढत."

"का नाही?"

"कायले विचारता? राहू द्या ना."

"माझ्या नवऱ्याच्या अंगावर काय असावं ते तुम्ही ठरवणार?"

कटरे भाऊ कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "मंग पाहा!" म्हणाले, आणि माउसने काहीतरी दाबलं. फूल गेलं.

आजोबा हवेतच कालव्याच्या दाराचं चाक फिरवून दाखवत होते, आणि त्यांचा उजवा हात थरथरत होता. चाक एका जागी राहत नव्हतं.

तुम्हाला हे ठाऊक नाही. शेवटची काही वर्षं त्यांचा हात कापायचा. ते तो खिशात ठेवायचे, वर्तमानपत्राखाली ठेवायचे, बाहेर जाताना उगीच पिशवी धरायचे. मी चहाचा कप अर्धाच भरायची. का, ते आम्ही दोघं एकदाही बोललो नाही. त्या दिवशी अंगणात तुमच्यासाठी दार उघडताना त्यांचं भान सुटलं आणि हात खिशातून बाहेर आला. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला होता, पण पाहिला तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. हात मला दिसलाच नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"नातवायचे वाढदिवसाचे पत्रं साहेब माझ्याकडूनच लिहून घेत. पेन धरता येत नाही म्हणे. ते सांगत, मी लिहो. म्हणे, कटरे, बाईले नको सांगू." ते पडद्याकडेच बघत होते. "साहेबानं जन्मभर झाकलं. मी कायले उघडं करू?"

पडद्यावर फुलाच्या थराखाली ठिपक्यांची रांग होती. हात हलेल तसं फूल हलवायचं, तर दर ठिपक्याला ते स्वतः उचलून तिथे ठेवावं लागतं. मला सवय आहे म्हणून मी मोजले. दोनशे सोळा. सारस ते पाच मिनिटांत उडवतात. आठ दिवस गेले ते या फुलावर.

मी त्यांच्याकडून माझा कागद मागून घेतला, सूचना क्रमांक चार खोडली आणि कागद परत दिला. त्यांनी फूल परत लावलं. "कमिंग सून" काढायला लावलं, ते मात्र मी सोडलं नाही. सारस आणि बासरीही काढायला लावली. गाय राहिली.

आजोबांनी झाकलेलं मी तुम्हाला सांगितलं. त्यांना हे आवडलं नसतं. पण त्या फुलाला तुम्ही हसावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

बिनफुलाचं मूळ चित्रण माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. याल तेव्हा पाहावंसं वाटलं तर पाहा. वाढदिवसाच्या पत्रांबद्दल काल मी तुमच्या आईला विचारलं. सगळी पत्रं आहेत, म्हणाली. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे जागा उरली होती, तिथे एक झेंडू आहे.