मास्तरांचे न दिसणारे स्पीकर

"स्पीकर तुझ्या डोळ्यांना दिसले, तर मी स्वतः दुकानात परत नेऊन देईन!" मास्तरांनी गर्जना केली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पडदे, खोळी, सोफ्याची कव्हरं शिवणारे मास्तर. दिवसभर शिलाई मशीनची खडखड कानात भरून घरी यायचं आणि मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून गाणी ऐकायची, ही त्यांची मैफल. पेल्यातली गायिका कायम पडसं झाल्यासारखी गायची! माणसाला घरात एक गाणं धड ऐकायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण स्पीकर म्हटलं की मास्तरीणबाईंच्या कपाळावर आठी. कारण मास्तरांचे पहिले स्पीकर कपाटाएवढे होते आणि पाहुण्यांना त्यांच्यामधून अंग चोरून सोफ्यापर्यंत पोचावं लागे. बाईंनी एके दिवशी ते भंगारवाल्याला दिले आणि वर त्याला चहाही पाजला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळपर्यंत मला सापडले तर परत. नाही सापडले तर राहतील. कायमचे. मंजूर?"

"मंजूर!"

दुकानातला पोरगेलासा विक्रेता उत्साहात होता. "साहेब, ह्याचा बास ऐका, छाती हादरते!"

"छाती राहू दे. ह्याची रुंदी किती?"

"आवाज नाही ऐकणार?"

"ऐकणार ना. आधी उंची बघू." मास्तरांनी गळ्यातला टेप काढून एकेका स्पीकरचं माप घ्यायला सुरुवात केली. हे गृहस्थ स्पीकरला कोट शिवणार की काय, असं विक्रेत्याला वाटलं. त्याला वाटलं ते अगदी बरोबर होतं.

शेवटी कोपऱ्यातली एक वीतभर जोडी पसंत पडली. बिनवायरची, चार्जिंगवर चालणारी. खोकं फाटलं होतं म्हणून स्वस्तातली.

"खोकं चालेल असं?" विक्रेत्यानं विचारलं.

"मला खोकं वाजवायचं नाहीये! गाणं लाव."

त्यानं लावलं. गायिकेनं सुरुवातीला घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. इतकी वर्षं ही बाई श्वास घेते हे मास्तरांना माहीतच नव्हतं! त्यांना भरून आलं.

आपल्या शिलाईच्या दुकानात नेऊन मास्तरांनी दोन्ही स्पीकरना सोफ्याच्या उरलेल्या कापडाच्या खोळी शिवल्या. तोंडाशी विरळ कापड, मागं पातळ फोम, कडेला सोफ्याच्या उश्यांसारखाच गोट. सोफ्याच्या दोन टोकांना ठेवल्यावर खऱ्या उश्यांत त्या अशा मिसळल्या की दोनदा मास्तर स्वतःच चुकले.

संध्याकाळी गाणं सुरू झालं आणि मास्तरीणबाई उठल्या. पडद्यामागं पाहिलं. कपाटावर पाहिलं. दिव्याच्या शेडमध्ये डोकं घालून पाहिलं. आवाज सगळीकडून येत होता आणि स्पीकर कुठंच नव्हते! त्यांची बसायची जागा खिडकीपाशी, खुर्चीत. सोफ्यावर मास्तर एकटेच, उशीवर हात टाकून, राजासारखे.

"चहा मिळेल का गं?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"स्पीकर सापडल्यावर!"

शनिवारपर्यंत सगळं छान चाललं होतं. शनिवारी बाईंची थोरली बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे मास्तरांचे साडूभाऊ, आले. साडूभाऊंची कंबर जुनी दुखणाईत. ते नेमके सोफ्याच्या उजव्या टोकाला टेकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहाहा! अगं, ही उशी बघ! पाठीला काय आधार देते!"

मास्तरांनी घाईनं मधली उशी पुढे केली. "ती... ती जरा फसलीय. दुसरी घ्या. मऊ आहे."

"मऊच तर नको!"

"मग घेऊन जा की!" मास्तरीणबाई उदार झाल्या. "घरचे मास्तर आहेत, दुसरी शिवतील."

"अगं, शिलाई कच्ची आहे तिची!"

"अहो, एका उशीसाठी एवढा जीव? ताईसमोर शोभतं का हे?"

खरं सांगावं तर पैज जाते, न सांगावं तर स्पीकर जातो! उशी पिशवीत घालून ताई जिना उतरल्या आणि मास्तर गॅलरीतून पिशवीकडे बघत राहिले, मुलगी सासरी चालल्यासारखे.

संध्याकाळी त्यांनी धीर करून गाणं लावलं. बासरी वाजली. ठेका वाजला. पुन्हा बासरी. जुन्या पद्धतीचं ध्वनिमुद्रण ते! वाद्यं डाव्या स्पीकरमध्ये, गायिका उजव्या.

"अहो, गाणारी कुठे गेली?"

"आज... घसा बसलाय तिचा."

मास्तरीणबाईंनी असं पाहिलं की मास्तरांचाच घसा बसला.

रविवारी सकाळी मास्तरांनी सुट्टी असून दुकान उघडलं. त्याच कापडाची उशी शिवली आणि तिच्या पोटात फळी घातली. खऱ्या स्पीकरइतकाच ताठपणा! तीस वर्षं मऊ उश्या शिवणाऱ्या हातांना फळी शिवताना लाज वाटली, पण गायिकेसाठी ती त्यांनी गिळली.

ती पिशवीत घालून ते साडूभाऊंच्या घरी पोचले. साडूभाऊ आरामखुर्चीत, पाठीमागं स्पीकरची उशी, उठायचं नाव नाही. मास्तरांनी चहा घेतला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. साडूभाऊ हलेनात! अखेर मास्तरांनी टेप काढला.

"साडूभाऊ, उभे राहा. पाठीचं माप घेतो. तुमच्या मापाची खास उशी झाली पाहिजे!"

साडूभाऊ हरखून उभे राहिले. "हात पसरा. भिंतीकडे तोंड. श्वास रोखा. सोडू नका!" ताई आत होत्या. साडूभाऊंनी श्वास सोडेपर्यंत पिशवीतली उशी खुर्चीत आणि खुर्चीतली पिशवीत गेली होती!

साडूभाऊ टेकले. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं.

"मास्तर," साडूभाऊ डोळे मिटून म्हणाले, "आज तर कालच्यापेक्षाही बरं वाटतंय!"

मास्तर जवळजवळ पळतच घरी आले. बाई स्वयंपाकघरात होत्या. उशी जागेवर ठेवली, बटण दाबलं, गाणं लावलं आणि गायिकेनं श्वास घेतला. अख्खं घर भरून गेलं! मास्तरांना वाटलं, शिट्टी मारावी.

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. शेवटचा प्रयत्न म्हणून टेबलाखाली वाकल्या, गालिचा उचलला आणि खुर्चीत धपकन बसल्या.

"हरले बाई! सांगा आता. कुठे आहेत?"

मास्तरांनी हा क्षण मनात कितीदा तरी शिवून ठेवला होता. ते उठले, छाती काढली आणि एका झटक्यात दोन्ही खोळी उसवून बाजूला फेकल्या.

बाईंचा हात तोंडावर गेला. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. "म्हणजे ताईनं काल...? अरे देवा! आणि तुम्ही गप्प?" त्यांनी स्पीकर हातात घेतले, उलटेसुलटे केले. "पण किती गोड आहेत हो हे! आवाज तर काय सुरेख! एवढी देखणी वस्तू आणि उश्यांत कोंबून ठेवलीत?"

"अगं, तूच तर..."

"इथं ठेवते. समोरच. आल्यागेल्याला दिसायला हवेत!" त्यांनी फुलदाणी हलवून टेबलाच्या ऐन मध्यात दोन्ही स्पीकर मांडले आणि लांबून, मान कलती करून पाहिलं. मास्तर जिंकले होते! स्पीकर घरात होते, कायमचे होते, बायको खूश होती. चहासुद्धा न मागता आला.

चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच बाईंचा आवाज आला.

"अहो, धूळ बसेल हो ह्यांच्यावर. छानशा खोळी शिवून द्या ना!"