बिनघड्याळाचा बोर्ड

"दादा, कॉम्प्युटर निवडणं म्हणजे शेळी निवडणं नव्हे! तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं मी बघते."

बुधवारी संध्याकाळी मी पुण्याहून फोनवर वडिलांना असं ठणकावून सांगितलं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वीस हजार पुस्तकं एका यादीत बसवणाऱ्या बाईला तळहाताएवढा कॉम्प्युटर निवडायला असा कितीसा वेळ लागणार!

पलीकडून दादा म्हणाले, "शेळी निवडणं तुला सोपं वाटतं व्हय?"

माझे वडील, सुंदरराव, तलवाड्याच्या पुढच्या आमच्या गावात पाणीवाले होते. ग्रामपंचायतीच्या टाकीचा वाल उघडायचा, आज वरच्या आळीला, उद्या खालच्या आळीला. आणि कोणत्या आळीची पाळी आहे ते आमच्या स्लॅबवरच्या भोंग्यातून सांगायचं. हळूहळू त्या दवंडीत रेशनचा गहू आला, जनावरांची लस आली, चुकलेली म्हैस आली. चार वर्षांपूर्वी मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर दिला आणि एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. आदल्या दिवशी बोलून ठेवायचं, म्हणजे त्या तारखेची दवंडी सकाळी सातला आपोआप वाजायची. सातला लाइट नसेल तर लाइट आल्या आल्या वाजायची. ही अट दादांची. "दवंडी उशिरा झाली तर चालंल, पन बुडाली न्हाई पायजे आन् खोटी ठरली न्हाई पायजे. तेवढ्यावरच तर लोक माझं ऐकतेत."

तो जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि इन्व्हर्टरची बॅटरी दीड तासात संपवायचा. म्हणून एका पाटीवर सगळं बसवलेला छोटा बोर्ड घ्यायचा, त्याचा घरगुती सर्व्हर करायचा आणि तो दिवसरात्र चालू ठेवायचा, असं माझं ठरलं होतं.

"नावं तर सांग," दादा म्हणाले.

"रास्पबेरी, ऑरेंज, बनाना."

"फळांचा गाडा हाय का काय? बरं, खातंय किती?"

"पाच वॉट. आताचा दीडशे खातो."

"हां! हे बग, किमतीच्या आधी वैरण इचारावी." त्यांचा आवाज खुलला. "आन् त्याच्या घड्याळाला सेल हाय का?"

"कसला सेल?"

"जुन्या डब्यात एक गोल सेल असतो, बटणावानी. मागं त्यो संपला तवा तारखा समद्या बिघडल्या. मी गेवराईला गेलतो, नवा आणून घातला."

माझ्यासमोर स्क्रीनवर दोन बोर्ड उघडे होते. महागात सेलची जागा होती, स्वस्तात नव्हती.

"आता सेल लागत नाही, दादा. नेटवरून वेळ घेतं ते."

"आन् नेट आलं न्हाई तर?"

"दादा, तुम्हाला यातलं कळत नाही. मला मीटिंग आहे. उद्या बोलू."

"बरं बरं. तू काम कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा वाल उघडून ते पायरीवर बसले, ते उठले नाहीत. वाल बंद करायला कुणी नव्हतं. त्या दिवशी खालच्या आळीला दुपारपर्यंत पाणी चाललं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. आई म्हणाली, "त्या डब्यात त्यांचा आवाज हाय ना? त्यो जपून ठेव. ऐकायचं मग बघू." जुन्या डब्याची डिस्क तोवर खडखडायला लागली होती. मी महिन्याची रजा टाकली आणि ठरलेल्या कामाला लागले. माणूस गेल्यावर ठरलेलं काम फार बरं वाटतं.

तुम्हाला सांगते, मी तो बोर्ड फार अभ्यास करून निवडला. सगळ्यांत स्वस्त नको, कारण अडलं तर विचारायला माणसं भेटत नाहीत. आठ जीबी रॅम नको, चौदाशे दिवसांच्या दवंड्यांना दोन पुरे. मोबाइलच्या चार्जरवर चालवायचा नाही, वीज कमी पडते. छोट्या मेमरी कार्डावर भरवसा ठेवायचा नाही, ते झिजतं. इतका विचार केला! आणि शेवटी त्या दोन बोर्डांपैकी जो स्वस्त, बिनसेलाचा, तो घेतला.

चौदाशे बारा दिवसांच्या दवंड्या मी जुन्या डब्यातून नव्या बोर्डावर आणल्या. तारखा जुळवल्या, नावं जुळवली. ऐकली मात्र एकही नाही. धीर झाला नाही. दादांचा तो प्रोग्रामही तसाच उचलून ठेवला. काढून टाकायला हात धजेना. आणि काढायचा कशाला? सगळ्या तारखा मागच्या. गेलेली तारीख पुन्हा थोडीच येते!

भोंगा अजून आमच्याच स्लॅबवर होता. नवा पाणीवाला नेमेपर्यंत वाल पंचायतीचा शिपाई पाळीप्रमाणे उघडायचा, पण भोंगा पंचायतीने तिथेच ठेवायला सांगितला होता आणि त्याची वायर मी इमानदारीने नव्या बोर्डाला जोडली.

मग गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आमच्याकडे डीपी जळाली की दोन-तीन दिवस धरूनच चालायचं. मला काळजी नव्हती. पाच वॉटचा बोर्ड! आमच्या इन्व्हर्टरवर तो आरामात दीड-दोन दिवस काढणार होता. पण ही गोष्ट मी कौतुकाने आईला सांगितली, आणि आईने आळीला.

"पोरीनं कमी खाणारं यंत्र आणलंय. लई वीज उरतीया. या, मोबाइल लावा!"

संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर एकोणीस मोबाइल, तीन बॅटऱ्या आणि कुणाचंतरी दाढीचं यंत्र चार्जिंगला लागलं होतं. आईला नाही म्हणायची सोय नव्हती. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच माणसांत बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टरने एक लांब शिट्टी मारली आणि मान टाकली.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला लाइट आली. मी ओसरीवर होते, आई सुपात तूर निवडत होती. डोक्यावर भोंगा खरखरला.

"हॅलो. हॅलो. ध्यान द्या."

दादा!

आईचा सुपातला हात थांबला. दुसऱ्या हाताने तिने डोक्यावर पदर घेतला.

"आज खालच्या आळीला पाणी सुटंल. भांडी भरून घ्यावी. नळ उघडा टाकून कुणी जाऊ न्हाई."

मी वायर उपटायला आत धावले. बोर्डाला जोडलेल्या स्क्रीनवर तारीख होती मागच्या वर्षातली. आता कळलं. लाइट आली होती, पण मोबाइलचा टॉवर अजून उठला नव्हता, म्हणजे नेट नव्हतं. आणि स्वतःचा सेल नसल्यामुळे बोर्डाला आज काय वार आहे याचा पत्ता नव्हता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम ज्या दिवशी बनली, तो दिवस धरून तो जागा झाला होता. वाजल्याच्या नोंदी मी जुन्या डब्यातून आणल्या नव्हत्या, म्हणून त्या दिवसाची दवंडी राहिलीय असं त्याला दिसलं, आणि दादांच्या अटीप्रमाणे त्याने ती लाइट आल्या आल्या वाजवली. चोख काम!

मी वायरला हात घातला, तर दारातून आई म्हणाली, "थांब. बोलू दे त्यांना."

मी हात काढून घेतला.

दहा-बारा मिनिटांत साखराबाई दोन हंडे घेऊन दारात. खालच्या आळीतल्या, दादांना भाऊ मानणाऱ्या. "मोहने, नळाला थेंब न्हाई की गं!"

"आत्या, अहो, दादा आता नाहीत."

"ते काय मला सांगती? तेराव्याच्या पोळ्या मीच लाटल्या! पन पाणी कावून न्हाई?"

तेवढ्यात पुन्हा भोंगा. दादा दवंड्या एकदम देत नसत. मध्ये पाव तास सोडत, लोकांना हातातलं काम ठेवता यावं म्हणून.

"रेशनचा गहू आलेला हाय. पिशव्या घरूनच आणाव्या. बजरंगच्या दुकानात गर्दी करू न्हाई."

गर्दी झाली. पंधरा मिनिटांनी बजरंगकाका, म्हणजे आमचे रेशन दुकानदार, घामाघूम होऊन आले आणि त्यांच्या मागे पन्नासेक बाया रिकाम्या पिशव्या घेऊन.

"मोहिनी, बंद कर ते! गहू आला न्हाई म्हनून घसा सुकला माझा. माझ्यावर कुणी इश्वासच ठेवंना!"

"ठेवावा कसा?" पिशवीवाल्यांतून एक आवाज आला. "सुंदरराव म्हनले आलाय."

"आगं बाई, सुंदरराव वारले! मी खांदा दिलाय त्यांना!"

"ते वारून खरं बोलतेत, तू जिता असून खोटं बोलतो!"

बजरंगकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडत्याने काठावरच्या माणसाकडे पाहावं. आणि काठावरचा माणूसच बुडत होता, कारण तिसरी दवंडी सुरू झाली.

"जनावराचे डॉक्टर आलेले हायत. शेळ्यांची लस आमच्या अंगणात व्हईल. गाभण शेळ्या आधी आणाव्या."

आमच्या मागच्या वस्तीवर सटवा राहतो. त्याच्या साठ शेळ्या आहेत. तो अत्यंत आज्ञाधारक माणूस आहे. गाभण शेळ्या त्याने खरोखर आधी आणल्या. मग बाकीच्या आल्या. दहा मिनिटांत अंगणात हंडे, पिशव्या, बाया आणि शेळ्या यांचा काला झाला. एक शेळी आईच्या सुपातली तूर खात होती, दुसरी बजरंगकाकांच्या शर्टाची बाही. तिसरी जिन्याने स्लॅबवर गेली आणि भोंग्याशेजारी उभी राहून गावाकडे पाहू लागली.

"सटवाभाऊ, आज लस नाही!" मी ओरडले.

"मग सुंदरदादा कावून बोलिवतेत?"

कुणालाच भीती वाटत नव्हती. मला तेच विलक्षण वाटत होतं. मेलेल्या माणसाचा आवाज आला म्हणून एकही माणूस दचकला नव्हता. सगळे फक्त भांडी घेऊन निघाले होते.

आणि मग चौथी दवंडी.

"शेवटची सूचना. आमची मोहिनी पुण्याला बरी हाय. तिला जराशी सर्दी झाली हाय. कुणाच्या बांधाला अडुळसा आसंल तर पानं द्यावी, मी यष्टीनं धाडून देईन. मंडळी, राम राम."

भोंगा बंद झाला. अंगणात शेळ्याच काय त्या बोलत होत्या.

"हे काय होतं?" मी आईला विचारलं.

"रोजचंच," आई म्हणाली. "शेवटाला तुजं सांगितल्याबिगर त्यांची दवंडी सरायची न्हाई. तू घरी असलीस की तेवढं सांगायचे न्हाईत. म्हनायचे, पोरगी रागं भरंल."

साखराबाई म्हणाल्या, "तुजी परीक्षा, तुजी नोकरी, तुजा ताप, समदं आमाला ठावं हाय. तू ते मोठं घर भाड्यानं घेतलं न्हाई, आमाला बी पटलं."

तेवढ्यात फाटकातून भिवराबाई आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी. ओटीत अडुळशाची हिरवीगार पानं. शेळ्यांनी त्यांना वाट करून दिली. अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्यांनी पानं माझ्या हातात ओतली आणि माझं नाक नीट निरखलं.

"लई दिस टिकली गं तुजी सर्दी."

बाया हसल्या. बजरंगकाकासुद्धा हसले. आई हसली नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, रिकामं सूप मांडीवर घेऊन.

"बावीस वर्सं," ती म्हणाली. "पावसापाण्यात, तापात, त्यांनी दवंडी दिली. एक शबुद खाली पडला न्हाई. आज तीन पडले. गहू न्हाई, पाणी न्हाई, डाक्टर न्हाई. ही मानसं आता हसतेत. उद्या म्हनतील, सुंदररावाचं काय खरं!"

कुणी काही म्हणालं नसतं. पण आईला ते पटवून देणं माझ्या हातात नव्हतं. दुरुस्त करणं होतं.

मी आत गेले. भोंग्याचा माइक कोनाड्यात होता, त्याच्यावर दादांचा रुमाल बांधलेला, धूळ जाऊ नये म्हणून. गाठ सोडायला वेळ लागला. बटण दाबलं. स्वतःचाच श्वास साऱ्या गावावरून जाताना ऐकू आला.

"हॅलो. मी मोहिनी बोलतेय. आत्ताच्या दवंड्या मागच्या वर्षीच्या होत्या. त्या दिवशी त्या खऱ्या होत्या. चूक दादांची नाही, मी आणलेल्या यंत्राची आहे, म्हणजे माझी आहे. आज खालच्या आळीला पाणी नाही, उद्या सकाळी आहे. रेशनचा गहू आलेला नाही. बजरंगकाका खरं सांगताहेत. शेळ्यांची लस नाही. सटवाभाऊ, एक शेळी आमच्या स्लॅबवर आहे, तेवढी उतरवून घ्यावी. माझी सर्दी बरी आहे."

बाहेर हसू पसरलं. आता बटण सोडायचं, एवढंच राहिलं होतं. बोट त्याच्यावरच होतं. ते उचललं गेलं नाही.

"आणखी एक," मी म्हणाले.

"पुण्यात कुणी विचारलं की मी सांगते, वडील ग्रामपंचायतीत होते. लोकांना वाटतं, ग्रामसेवक असतील. मी वाटू देते. आत्ताच्या रजेच्या अर्जातही मी तसंच लिहिलं. दादा, मला तुमची लाज वाटायची. शाळेत असताना भोंगा वाजला की मी आत जाऊन कान झाकून घ्यायचे. तुम्हाला ते दिसत असेल. तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मीही बोलले नाही. आज बोलते. माझे वडील गावाला पाणी सोडायचे. मी पाणीवाल्या सुंदररावांची मुलगी आहे."