मास्तरांनी चावून घेतलेली म्हैस

आसाराम मास्तरांचा एक दावा होता. त्यांनी केलेलं बाणाचं टोक आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडातून घडवलेलं टोक शेजारी शेजारी ठेवा, ब्रह्मदेव आला तरी ओळखणार नाही! दावा शंभर टक्के खरा होता. पंचाईत एवढीच झाली, की एकाहत्तर सालच्या एका शुक्रवारी तो मास्तरांवरच उलटला.

अस्सल टोक एकच. मधाच्या रंगाची गारगोटी, बोटाच्या पेराएवढी. बायकोला, पुष्पावतीला, प्रवरेवर धुणं धुताना सापडलेली. पुष्पावती जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरंबाळं नाहीत, मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे ती नोकरीही संपलेली, दिवस काही केल्या सरेना. मग मास्तरांनी नगरहून रेझिनचा डबा आणला, त्या टोकावरून रबराचा साचा केला आणि ओतत सुटले. रंग तोच, धार तीच, कडेला उडालेला टवकासुद्धा तोच. तीस टोकं झाली. दाखवायची कुणाला? मास्तरांना फार एकटं वाटायचं, आणि हात चालू असले की जरा कमी वाटायचं.

त्या शुक्रवारी ते पेन्शन कचेरीतून परतले, तर ओट्यावर ताटात वाळत घातलेल्यांतली पाच टोकं गायब! आणि अस्सलही सकाळी त्याच ताटात राहिलेलं. शेजारच्या रतनबाईला विचारलं तर ती म्हणाली, आपणच नेली. घोडेगावच्या बाजाराला आळीतल्या पाच म्हशी निघाल्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधायला बिब्बे मिळेनात, आणि ताटात तर ढीग पडलेला. एकेक काळ्या दोऱ्यात आवळून बांधून टाकलं.

उरलेली सव्वीस टोकं मास्तरांनी दातावर वाजवून पाहिली. दगड दातावर टणकन वाजतो, रेझिन वाजत नाही. सव्वीसच्या सव्वीस मुकी निघाली. मास्तर तसेच एसटीत चढले.

बाजारात हजारभर म्हशी. आळीतल्या पाच म्हशी मास्तरांनी रोज पाहिल्या होत्या, पण चेहरा एकीचाही आठवेना. शेवटी ते प्रत्येक गळ्याखाली वाकत निघाले. पहिलं टोक सापडलं, ते दोऱ्यासकट तोंडात घालून चावलं. मुकं! मास्तरांनी हताश होऊन मान हलवली आणि पुढं गेले. त्या म्हशीशी घासाघीस करणारं गिऱ्हाईक चपापलं आणि निघून गेलं. दुसऱ्या म्हशीपाशीही तेच. तिसरीपर्यंत मास्तरांच्या मागं वीसेक माणसं गोळा झाली होती. धोतरातला हा म्हातारा दोरा चाखून म्हशीचं दूध सांगतो म्हणे! कुणी विडी पुढं केली, कुणी पाणी आणलं. दोन वर्षांत इतकी माणसं मास्तरांशी बोलली नव्हती, आणि त्यांना नको त्या वेळी बरं वाटलं.

चौथीही मुकी निघाली. पाचव्या म्हशीपाशी मात्र टणकन वाजलं.

"हीच!" मास्तर ओरडले.

झालं! गहिनीनाथ व्यापाऱ्यानं भाव तिथल्या तिथं चढवला. मास्तर काकुळतीला आले, मला नुसता गळ्यातला खडा द्या. व्यापाऱ्यानं कानाला हात लावला. दृष्टीचा दोरा बाजारात सोडत नाहीत, तो जनावराबरोबरच जातो. तेवढ्यात मागच्या मंडळींनी चढाओढीनं बोली लावायला सुरुवात केली. मास्तरांच्या खिशात घराची कौलं बदलायचे पैसे होते. गेले.

चार कोस वाट मास्तर म्हैस घेऊन चालत आले. वाटेत त्यांनी तिला पुष्पावतीचं सगळं सांगितलं. ती गारगोटी घेऊन कशी धावत आली, पदर ओला, आणि म्हणाली, तुमच्यासाठी आणली. सांगता सांगता ते थोडे थांबले. म्हैसही थांबली.

दिवेलागणीला दारात पोचले, तर रतनबाई हातातली घागर ठेवून बघतच राहिली.

"मास्तर, आमची म्हस तुमच्याकडं कशी?"

बाजारात पोचताच तिच्याच नवऱ्यानं ती गहिनीनाथाला विकली होती. मास्तर ओशाळून हसले. म्हणाले, दूध तरी येईल घरात.

"कुठलं दूध? भाकड हाय म्हणून तर इकली. कशापायी घेतली?"

गारगोटी मास्तरांच्या मुठीत आली होती. सगळं सांगायचं तर पुष्पावतीपासून सुरुवात करावी लागली असती. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "बोलायला."

रतनबाईनं घागर भिंतीशी सरकवली. मग ओट्यावर पदर सावरून बसली आणि म्हणाली, "मग फसलात, मास्तर. लई घुमी हाय ती."