तळघरातलं घड्याळ

सिक्स्टेनचा पांढरा सदरा आणि पांढरा टाय इमारतीच्या तळघरात, सगळ्यांच्या सामायिक धुलाईघरातल्या सुकवणीच्या कपाटात लटकत होते, आणि सिक्स्टेन धुलाईघराच्या उघड्या दारात उभा होता. अंगात काळा कोट, आत नुसता बनियन. कपाट चार पावलांवर. पण ती चार पावलं टाकायची त्याची वेळ संपली होती.

"अकरा वाजले," गुनवोर म्हणाली. कपड्यांची टोपली कमरेला लावून तिनं पाठीनं दार उघडं धरलं होतं. "आता माझी वेळ."

"कुठले अकरा? हे बघ मनगटावर. दहा वीस."

"तू काय मनगटावर कपडे धुतोस? कॉम्प्युटर अकरा म्हणतोय."

"गुनवोर, बाराला माल्टेला पुरायचंय."

"ठाऊक आहे. मीही येणार आहे."

माल्टे सिक्स्टेनचा धाकटा भाऊ, याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. इथं मयताला फक्त जवळच्या नात्यातले पुरुष पांढरा टाय लावतात; सख्ख्या भावाला त्याशिवाय चर्चमध्ये पाहून कुणी काही बोललं नसतं. न बोलणं हीच तर बोरोस गावची शिवी.

"मग तो सदरा तेवढा काढून दे."

"दुसऱ्याच्या कपड्याला हात लावू? तुझी नोटीस समोर लटकतेय बघ. एक मोजा मशीनमध्ये राहिला म्हणून भर सभेत उभं केलं होतंस मला."

"बरं, मग मी आत येतो."

"ये की. मी कुठं धरलंय? दुसऱ्याच्या वेळेत आत पाऊल टाकू नये, हेही तूच लिहिलंयस. खाली सही पण आहे."

सिक्स्टेननं एक पाय उचलला आणि होता तिथंच ठेवला. बावीस वर्षं तो या इमारतीच्या धुलाईघराचा प्रमुख होता. लोकांची लग्नं मोडली, पोरं परदेशी गेली, त्यानं कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. पण धुण्याच्या वेळेत कुणी पाच मिनिटं जास्त थांबला की दाराला चिठ्ठी लागलीच. असल्या माणसाला स्वतःचाच उंबरठा ओलांडता येत नाही. बरंच झालं म्हणायचं.

धुण्याच्या पाळ्या लावणाऱ्या आणि पाळीप्रमाणं दार उघडणाऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं पळायचं, त्यालाही कारण तोच. पूर्वी ते इंटरनेटवरून आपली वेळ आपणच जुळवून घ्यायचं. "तळघरातल्या यंत्राला जगाशी काय देणंघेणं?" असं म्हणून त्यानं ती तार काढायला लावली आणि दर रविवारी माल्टेला संकेतशब्द विचारून हातानं वेळ लावू लागला. उन्हाळ्यात देशभर घड्याळं तासभर पुढं करतात, तेव्हा यंत्रानं आपोआप तास सरकवू नये म्हणून त्याच्यातलं देशाचं नावसुद्धा पुसून टाकलं. मग माल्टे आजारी पडला. रविवार इस्पितळात जाऊ लागले आणि घड्याळ थोडं थोडं करत चाळीस मिनिटं पुढं गेलं. इमारतीत कुणी तक्रार केली नाही. यंत्र चुकतं असं म्हणायला हिंमत लागते. लोकांनी मुकाट्यानं घरातली घड्याळं पुढं केली. हॉस्पिटलातल्या घड्याळावर जगणारा सिक्स्टेन तेवढा मागं राहिला.

"थांब," तो म्हणाला. "वेळच खरी करतो. मग माझीच पाळी चालू असेल."

"कर. मी मशीन लावते."

शेजारच्या खोलीत जाऊन त्यानं आपला फोन कॉम्प्युटरला जोडला आणि संकेतशब्द न लागणारी, वेळ जुळवण्याची कळ दाबली. कॉम्प्युटरनं कित्येक महिन्यांनी जगाला वेळ विचारली. जगानं ग्रीनविचची सांगितली, दोन तास मागची. आपण स्वीडनमध्ये आहोत हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पलीकडे भोंगा वाजला. मशीन थांबली, दिवे गेले. गुनवोर टोपली घेऊन बाहेर आली आणि तिच्यामागं दार खटकन लागलं.

"काय केलंस हे?"

पडद्यावर आठ वीस.

सिक्स्टेननं दार उघडायची आपली प्लास्टिकची चकती दाराला लावली. लाल दिवा. गुनवोरनं तिची लावली. लाल दिवा.

"हातानं वेळ लाव, नाहीतर देशाचं नाव परत घाल ना."

"दोन्हीला संकेतशब्द मागतंय. तो माल्टेकडे असायचा."

सिक्स्टेन पायरीवर बसला. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं मोजली, तो सख्ख्या भावाला बनियनवर निरोप देणार होता.

"आठ वीसला कुणाची पाळी असते?" गुनवोरनं विचारलं.

तिला ठाऊकच होतं. दर आठवड्याला ही वेळ माल्टे घ्यायचा आणि खुशाल झोपून राहायचा. त्यावरून सिक्स्टेननं सख्ख्या भावाला किती चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. आता पाळ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढणंही सिक्स्टेनचंच काम होतं. दोनदा त्यासाठी तो खाली आला होता, आणि दोन्ही वेळा नुसताच परत गेला होता.

कोटाच्या खिशात माल्टेच्या घराच्या किल्ल्या होत्या. जुडग्याला चकती.

"दुसऱ्याची चकती वापरायची नाही," तो पुटपुटला.

"नियम पाठ आहे मला. लाव."

हिरवा दिवा लागला. आतले दिवे लागले, मशीन गुरगुरली. पडद्यावर अक्षरं आली: सुप्रभात, माल्टे. आपली वेळ सुरू आहे.

सिक्स्टेननं पाय उचलला आणि पुन्हा होता तिथंच ठेवला.

"जा आत," गुनवोर म्हणाली. "तो काही चिठ्ठी लिहिणाऱ्यातला नव्हता."

सदरा दमट होता. त्यानं तसाच अंगात घातला, टाय बांधला. वाकडा. गुनवोरनं तो सरळ केला, आणि दुसऱ्याच्या कपड्याला हात लागला हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"तुझी मशीन लावून घे," तो म्हणाला. "दार उघडं आहे."

"माझी वेळ नाही." तिनं टोपली भिंतीशी ठेवली.

"संध्याकाळी दुरुस्तीवाल्याला बोलावतो. घड्याळ नीट करून घेतो."

"घाई नाही," ती जिना चढत म्हणाली. "आधी त्याची वेळ संपू दे."