दुपारी अडीचचा वेबिनार

वेबिनार कधी घ्यायचा हे ठरवायला पुण्याच्या बाई कशाला हव्यात? बोईसरच्या बायका कधी मोकळ्या असतात, हे वैभवीइतकं ठाऊक आहे कुणाला! सकाळी पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीवाल्यांची जेवणं, संध्याकाळी नळाचं पाणी आणि त्यानंतर मालिका. उरली दुपारी अडीचची वेळ. नवरे कामावर, पोरं शाळेत, भांडी घासून पालथी!

"वेळ निवडणं ही कला आहे," तिनं नवऱ्याला ऐकवलं. अक्षयला कंपनीची बस गाठायची होती, म्हणून त्यानं ते लगेच मान्य केलं.

विषय होता कुकरमधला केक. पुण्याच्या पाककला वर्गाच्या देशमुखबाई स्वतः बघणार होत्या. गर्दी जमली, तर वैभवीला ऑनलाइन शिक्षिकेची नोकरी! तिनं अख्ख्या चाळीला लिंक पाठवली. चाळीत मासे विकायला येणाऱ्या दांडी गावच्या साखरबाईलासुद्धा.

अडीच वाजले. वैभवीनं नवी साडी सारखी केली, लॅपटॉप सुरू केला, कुकर गॅसवर चढवला आणि दारावर थाप पडली. शेजारची पुष्पलता!

"अगं, मोबाईलवर ये ना!"

"भिंतीला भिंत लागून असताना मोबाईल कशाला? आणि आत्ता मी अगदी मोकळी आहे!"

वरच्या मजल्यावरच्या बायकाही अगदी मोकळ्या होत्या. मागच्या चाळीतल्या तर विणकाम घेऊनच आल्या. शेवटी रिकामी पाटी काखेत मारून साखरबाई हजर.

"बेस टाइम काडलास गो बाय! म्हावरा इकून झाला, आता मना काय काम नाय. च्या ठेव!"

दारी आलेल्या बाईला चहा न देता केक शिकवायचा? वैभवीच्या माहेरी, साताऱ्यात, असलं पाप कुणी केलं नव्हतं. एका शेगडीवर आधण चढलं. पुरेना, तेव्हा दुसरीवरचा कुकर खाली उतरला. केक कच्चाच राहिला.

तेवढ्यात लॅपटॉपमधून देशमुखबाई म्हणाल्या, "वैभवी, इथं तर आपण दोघीच आहोत. वेळ चुकली वाटतं?"

वेळ चुकली? वैभवीची? तिच्या अंगाचा तिळपापड झाला! तिनं लॅपटॉप गर्रकन खोलीकडे वळवला. कॉटवर बायका, शिलाई मशीनवर बायका, उंबऱ्यात बायका! साखरबाईनं बशी उंचावून पुण्याला नमस्कार केला.

देशमुखबाई हसून हसून बेजार झाल्या. "ऑनलाइन काम तुला देण्यात अर्थ नाही! बोईसरमध्ये प्रत्यक्ष वर्गच घेशील? वेळ तूच ठरव."

वैभवीची छाती अभिमानानं फुगली. "घेईन की! दुपारी अडीच!"

दाटीतून कसाबसा हात वर करून पुष्पलता म्हणाली, "बाई, तो वर्ग आम्ही घरूनच मोबाईलवर बघितला तर चालेल का? इथं फार गर्दी होते हो!"