धामणींचं लगीन आणि माझा कोरा शर्ट

या वैशाखात माझं लग्न ठरणार म्हणजे ठरणारच, असं मी अख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं!

वय चौतीस. ऊस सहा एकर. पाहिलेल्या मुली सव्वीस. त्यातल्या पंचवीस जणींनी 'शेतकरी नको' म्हणून कळवलं. सव्विसावीनं काही कळवलंच नाही, थेट पत्रिका पाठवली. तिच्या लग्नाची! पण सत्ताविसावी, मिरजेची अंकिता, स्वतःहून 'घर बघायला येते' म्हणाली होती. रविवारी, अकरा वाजता. कॉलेजात शिकवते एवढंच कळलं होतं. काय शिकवते, हे विचारायची आमची छाती झाली नाही. उगाच विचारलं आणि तिचा विचार बदलला तर?

रविवारी नऊलाच मी सांगलीहून शिवून आणलेला पांढरा शर्ट चढवून अंगणात तयार. आईनं बजावलं, "बसू नगंस, चुरगाळंल." म्हणून उभाच! साडेदहाला आमच्या उसात खुरपायला आलेल्या बनुबाई धापा टाकत आल्या.

"आवं जयराजदादा, चला की! बांधावर सापांचं लगीन लागलंय!"

आमच्याकडं ही साधी गोष्ट नाही. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे दिसले की त्यांच्यावर कोरं पांढरं कापड टाकायचं आणि ते घरात जपून ठेवायचं. वर्षाच्या आत दारात मांडव पडतोच! माझ्या थोरल्या चुलत्यांचं असंच जमलं होतं. त्यांना एकदा बघितलंत तर तुमचाही या गोष्टीवर विश्वास बसेल.

"कोरं कापड कुठनं आणू आता?" मी पळता पळता विचारलं.

बनुबाई नुसत्या माझ्या शर्टाकडं बघत राहिल्या.

बांधावर खरंच दोन धामणी होत्या. हातभर उंच उठलेल्या, एकमेकींना पीळ घालून डुलत होत्या. मला भरून आलं. "जाड हाय त्यो नवरा," मी बनुबाईंना समजावलं. सापातलं मला लहानपणापासून कळतं. शर्ट काढला, ज्योतिबाचं नाव घेतलं आणि फेकला. बरोबर जोडप्यावर पडला!

आणि माझ्या शर्टावर कुठूनसा एक टॉवेल येऊन पडला.

सिद्धू! माझा चुलत भाऊ. बांधापलीकडचं रान त्याचं. वय बत्तीस, पाहिलेल्या मुली एकोणीस. टॉवेल कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराचा, कोरा पांढरा, कोपऱ्यात बॉलपेनानं 'सिद्धू' लिहिलेलं. आमच्या भावकीत आहेराची अदलाबदल फार होते.

"सिद्ध्या, टॉवेल उचल! लगीन माझ्या शर्टाखाली लागलंय!"

"साप माझ्या बांधावर हायती!"

"बांध सामाईक हाय!"

"मग लगीन बी सामाईक!"

"मग बायको बी सामाईकच आणायची व्हय रं?"

मी टॉवेल ओढला. त्यानं माझी मान धरली, मी त्याची कंबर. आधी उभ्यानं झोंबी झाली, मग गुडघ्यावर, मग दोघंही थेट उसाच्या सरीत. सकाळीच पाणी सोडलेलं होतं, त्यामुळं चिखल ताजा होता! तिकडं साप कापडाखालनं निसटून जरा पलीकडं पुन्हा पीळ घालून उभे राहिले. बनुबाई शर्ट-टॉवेल झटकून नीट घडी घालत होत्या. मला वाटलं, किती काळजी या बाईला!

"थांबा! कुणी मध्ये जाऊ नका!"

वर बघितलं. बांधावर आई, पाहुणे आणि अंकिता! अकरा वाजून गेले होते. आमची झोंबी बघून अंकिता ओरडली असेल असं मला वाटलं. पण ती सापांकडं बघत होती. हातात मोबाईल.

मी उठायला गेलो, पण सिद्धू मान सोडेना. खालूनच म्हणालो, "नमस्कार! फार शुभ वेळेला आलात. लग्न लागलंय बघा त्यांचं. जाड आहे तो नवरा."

"लग्न? अहो, दोन्ही नर आहेत. झुंज चाललीये. मी प्राणिशास्त्रच शिकवते."

"पण चावत तर नाहीत!"

"चावायचं नसतंच. दुसऱ्याला खाली दाबायचं, डोकं जमिनीला टेकवायचं. ज्याचं टेकलं तो हरला." बोलता बोलता तिनं मोबाईल आमच्याकडं वळवला. माझं डोकं त्या वेळी सरीत टेकलेलं होतं.

"आणि मादी?" सिद्धूनं विचारलं. गाढव! विचारायची काय गरज होती?

"असेल जवळपास. नाहीतर गेली असेल," अंकिता म्हणाली आणि वडिलांकडं वळली. "बाबा, निघायचं?"

पोह्यांचं पातेलं तसंच राहिलं. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. "नकार हाय गड्या. पर तुमचा व्हिडिओ पोरीला लय आवडला. वर्गात दावणार म्हणं."

खोटं कशाला सांगू, गोठ्यात जाऊन रडलो. चौतीस वर्षांत एकदाच कुणी आपल्या पायानं दारात आलं होतं, आणि मी चिखलात डोकं टेकून पडलो होतो! म्हशीनंही तोंड फिरवलं. शर्टाचं विचारलं तर बनुबाई म्हणाल्या, "धुवाया टाकलाय." पुढं मी विचारायचं सोडूनच दिलं. मला पांढरा रंगच नकोसा झाला होता.

माघात बनुबाईंच्या मुलाचं, नाथाजीचं लग्न निघालं. नाथाजी एक्केचाळीस वर्षांचा! त्यानं तर मुली बघायचंही सोडलं होतं. बोहल्यावर चढला तेव्हा अंगात माझा शर्ट. फिटिंग काय झकास बसलं होतं! माझ्या अंगावर असं कधी बसलंच नसतं.

"मावशी, शर्ट..."

"आवं, तुमच्याच शर्टाचा गुण ह्यो, दादा!" बनुबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी मला गंध लावलं, डोक्यावर टोपी घातली आणि हातात आहेराचा टॉवेल दिला. कोरा पांढरा. कोपऱ्यात बॉलपेनानं काहीतरी लिहिलेलं.

"आरं, ह्यो माझा हाय!" शेजारून सिद्धूनं एक टोक धरलं.

मला सगळं कळत होतं हो! दोन्ही नर होते, लग्न नव्हतंच, कापडात काही नसतं. पण वर्ष भरायला अजून तीन महिने शिल्लक होते. मी दुसरं टोक सोडलं नाही.

मांडवात कुणीतरी मोबाईल काढला.